वाळूच्या बेटावरील मुक्काम

(हीरक महोत्सवी व्याख्यानमालेतील व्याख्यानाची संहिता)



समुद्रापासून इतक्या दूर वसलेल्या जबलपुरात, सागरकिनाऱ्यावरील वाळूच्या बेटावर मुक्काम कसा करावा हा व्याख्यानाचा विषय व्हावा, याचे काही श्रोत्यांना नवल वाटेल. परंतु येथील मराठी घरांतील मुले सुटीत रत्नागिरी-मालवणकडे जातात, शाळांच्या सहली कोकणात उतरतात, आणि पुळणीवर तंबू ठोकून रात्र काढण्याची हौस तर अलीकडे सर्वत्रच वाढली आहे. दुसरे कारण याहून जवळचे आहे. पावसाळा सरला की नर्मदेच्या पात्रात ठिकठिकाणी वाळू उघडी पडते. काठापासून थोड्या अंतरावर एखादे लांबट, पांढरे, स्वच्छ बेट दिसते. मध्ये गुडघाभर पाण्याची एक अरुंद धार असते. आणि त्या बेटावर रात्र काढावी अशी इच्छा कोणत्याही धडधाकट मुलाला होते. इच्छा वाईट नाही. मात्र सागरातील बेट आणि नर्मदेतील बेट यांचा स्वभाव एकच आहे, आणि तो समजून न घेता तेथे झोपणे धोक्याचे आहे.

भूगोलाच्या पुस्तकात पुळण, वाळूचा दांडा आणि खाजण हे शब्द एकापाठोपाठ येतात. लाटा आणि किनाऱ्याला समांतर वाहणारे प्रवाह वाळू ओढून नेतात, जेथे वेग मंदावतो तेथे टाकतात, आणि काळाच्या ओघात किनाऱ्यापुढे वाळूची एक लांब भिंत उभी राहते. तिच्या एका अंगास खुला समुद्र आणि दुसऱ्या अंगास संथ, उथळ पाणी. ओडिशातील चिलिका सरोवर अशाच भिंतीमागे सुरक्षित राहिले आहे. मात्र या भिंतीला पाया नाही. ज्या पाण्याने वाळू आणून ठेवली तेच पाणी ती हलवीत असते. पाण्याने काही काळापुरती मांडून ठेवलेली ही मांडणी आहे. तिला जमीन म्हणणे ही केवळ बोलण्याची सोय.

या मांडणीत एक गोष्ट अशी आहे की ती पहिल्या भेटीत ध्यानात येत नाही, आणि बहुतेक अपघातांचे मूळ तेथेच असते. तंबू स्वाभाविकपणे बेटाच्या उंच भागावर ठोकले जातात. पाहणाऱ्याचे समाधान होते: पाणी खाली, मुक्काम वर. परंतु ज्या वाटेने मंडळी बेटावर आली ती वाट, म्हणजे ओहोटीत उघडी पडलेली वाळूची पट्टी किंवा नदीतील उतार, मुक्कामापेक्षा कितीतरी खाली असते. पाणी हातभर चढले तर तंबूला काही होत नाही. परतीची वाट मात्र गेलेली असते. बेट बुडण्याच्या कितीतरी आधी बेट तुटते. तंबूच्या दाराशी पाणी येईल तेव्हा निघू, असे ठरविणारा मनुष्य प्रत्यक्षात निघण्याची वेळ टळून गेल्यावर जागा होतो.

जगाच्या इतिहासात याचे सर्वांत दारुण उदाहरण अमेरिकेच्या टेक्सास प्रांतातील गॅल्व्हेस्टन हे होय. किनाऱ्यापुढील अशाच एका वाळूच्या बेटावर हे भरभराटीचे बंदर वसले होते. मुक्काम एका रात्रीचा नव्हता, पिढ्यान्‌पिढ्यांचा होता. सुमारे सदतीस हजार वस्तीच्या या शहराचा सर्वांत उंच भाग समुद्रसपाटीपासून तीन मीटरही उंच नव्हता. सागरी भिंत बांधावी अशी सूचना पूर्वी झाली होती. परंतु तेथील वेधशाळेचे प्रमुख आयझॅक क्लाइन यांनी १८९१ साली लिहिलेल्या लेखात, वादळाने शहराची मोठी हानी होईल ही भीती भ्रामक ठरविली. ८ सप्टेंबर १९०० रोजी सकाळी लोक उसळत्या लाटा पाहावयास किनाऱ्यावर गेले होते. वाऱ्याने मागच्या उपसागराचे पाणी शहरात लोटले आणि पुढून समुद्र चढत आला. मुख्य भूमीकडे जाणारे पूल निरुपयोगी झाले. संध्याकाळी सुमारे साडेचार मीटर उंचीचे पाणी शहरावरून गेले. किमान सहा हजार माणसे त्या रात्री मेली. काही अंदाज आठ हजारांच्याही पुढे जातात. क्लाइन यांची पत्नी मृतांमध्ये होती. पुढे त्या शहराने पाच मीटरहून उंच भिंत बांधली, इतकेच नव्हे तर घरे उचलून, खाली वाळू भरून जमिनीची पातळीच वाढविली. येथे ध्यानात घ्यावयाची गोष्ट ही की पाणी दोन्ही अंगांनी आले. वाळूच्या बेटावर उभा असलेला मनुष्य नेहमी समुद्राकडे तोंड करून उभा असतो, आणि मागचे संथ पाणी त्याच्या हिशेबात नसते.

भारतातही असे एक गाव होते. रामेश्वरच्या बेटाचे आग्नेयेकडील टोक वाळूच्या लांब जिभेसारखे समुद्रात गेले आहे. त्यावर धनुष्कोडी वसले होते. रेल्वे स्थानक, टपाल कचेरी, शाळा, श्रीलंकेकडे जाणाऱ्या बोटींचा धक्का, सारे काही तेथे होते. २२ डिसेंबर १९६४ च्या रात्री चक्रीवादळाच्या लाटेने ते गाव धुऊन नेले. पांबनहून निघालेली पॅसेंजर गाडी स्थानकाच्या अलीकडेच लाटेखाली सापडली आणि तिच्यातील शंभराहून अधिक प्रवाशांपैकी कोणी वाचले नाही. मुख्य भूमीशी जोडणारा पांबनचा पूलही त्याच वादळात मोडला. ई. श्रीधरन यांच्या देखरेखीखाली तो अवघ्या ४६ दिवसांत पुन्हा उभा राहिला, हे अभियांत्रिकीचे कौतुक सर्वांना ठाऊक असते. पण त्या रात्री तो नव्हता, हे कौतुकाच्या भरात विसरले जाते. गाव पुन्हा वसविले गेले नाही. शासनाने ते वस्तीस अयोग्य ठरविले.

चक्रीवादळाचा इशारा आज दिवसेंदिवस आधी मिळतो, त्यामुळे सहलीच्या मंडळींना गॅल्व्हेस्टनसारखे संकट गाठील अशी शक्यता थोडी. त्यांना गाठते ती रोजची भरती. मालवणजवळ देवबाग नावाची वाळूची चिंचोळी पट्टी आहे; एका बाजूस अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूस कर्ली नदीची खाडी. नदीच्या मुखाशी वाळूचा जो उंचवटा आहे त्यास लोक ‘त्सुनामी आयलंड’ म्हणतात आणि होडीतून तेथे जातात. अलिबागचा कुलाबा किल्ला तर ओहोटीत पायी गाठता येतो आणि भरतीत होडीवाचून गत्यंतर नाही. समुद्राकाठच्या माणसाला हा हिशेब तोंडपाठ असतो. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की त्या दिवशीच्या पूर्ण भरतीची वेळ ढोबळमानाने निघते: चतुर्थीला सुमारे तीन वाजता, अष्टमीला सुमारे सहा वाजता, आणि पुन्हा साधारण साडेबारा तासांनी. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग. मुंबईला पावसाळ्यातील उधाणाची भरती साडेचार मीटरच्या वर जाते. हा हिशेब कोकणातील दहा वर्षांचे पोर करते. जबलपूरचा पदवीधर करीत नाही, कारण त्याच्या घरच्या पंचांगात तिथी फक्त उपवासासाठी असते.

पौर्णिमेच्या चांदण्यात पुळणीवर झोपण्याची कल्पना रम्य आहे. पण पौर्णिमेच्या मध्यरात्रीच उधाणाची भरती असते. दुपारी पाहिलेली कोरडी वाळू रात्री कोरडी राहील असे नाही. म्हणून मुक्कामाची जागा निवडताना पाण्याकडे पाहू नये, पाण्याने मागे ठेवलेल्या खुणांकडे पाहावे. शेवटच्या मोठ्या भरतीने टाकलेल्या काटक्या, शेवाळ, शिंपले आणि प्लॅस्टिकचा कचरा यांची एक वेडीवाकडी रेघ पुळणीवर असते. तिच्या आत झोपणे म्हणजे समुद्राच्या अंथरुणात झोपणे. रेघ बेटाच्या माथ्यापलीकडे गेलेली दिसली, किंवा वाळूच्या टेकड्यांवर एकही वेल रुजलेली नसली, तर त्या बेटावर रात्र काढूच नये. वेल ही वाळूवरची सर्वांत विश्वासू साक्षीदार आहे. जेथे ती दोन-तीन वर्षांची झाली आहे, तेथे तितकी वर्षे समुद्र आलेला नाही.

पोहण्याविषयी दोनच वाक्ये पुरेत. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीस आलेले चौदा विद्यार्थी बुडाले, आणि १५ एप्रिल २०१७ रोजी मालवणजवळ वायरी येथे बेळगावचे आठ. बेटाच्या टोकाशी, जेथे खाडी समुद्रास मिळते, ओहोटीचे पाणी नदीच्या वेगाने बाहेर धावते. तेथे पट्टीच्या पोहणाऱ्यानेही उतरू नये.

आता घरच्या नदीकडे. येथील नर्मदेला समुद्राची भरती-ओहोटी नाही. परंतु जबलपूरच्या नर्मदेला गेल्या काही दशकांत एक नवी भरती लाभली आहे, आणि तिचे पंचांग कोणत्याही भिंतीवर टांगलेले नसते.

पूर्वीची गोष्ट सोपी होती. नदी पावसाने चढे आणि पावसावाचून उतरे. १९३९ च्या मार्च महिन्यात तिलवाराघाटाच्या परिसरात त्रिपुरी काँग्रेस भरली, तेव्हा नर्मदेच्या सान्निध्यात एक अख्खे तात्पुरते नगर उभे राहिले. मार्चमध्ये नदी अचानक चढेल अशी शंका कोणाला यावी असे कारणच नव्हते. परिक्रमावासीयांचा नियमही याच ज्ञानावर उभा आहे. आषाढी ते कार्तिकी, चातुर्मासात, परिक्रमा थांबते. वाटसरू एका ठिकाणी राहतो. आणि परिक्रमा चालू असता नदी ओलांडायची नाही हे तर मूळ व्रतच. श्रद्धेच्या भाषेत सांगितलेली ही शिस्त, पुराच्या काळात नदीकाठी वावरणाऱ्यासाठी आजही निर्दोष आहे. जो नदी ओलांडीतच नाही, तो बेटावर अडकत नाही.

बरगीचे धरण, म्हणजे राणी अवंतीबाई लोधी सागर, १९७४ साली सुरू होऊन १९९० साली पूर्ण झाले. सुमारे ६९ मीटर उंची, पाच किलोमीटरहून अधिक लांबी, एकवीस दरवाजे, आणि ९० मेगावॉटचे वीजघर. जबलपूरचे चित्रकार-लेखक अमृतलाल वेगड १९७७ साली नर्मदेकाठाने चालू लागले, तेव्हा मंडल्याकडील काठ अजून जलाशयाखाली गेला नव्हता. त्यांनी पायांनी पाहिलेली ती नदी पुढच्या पिढीला केवळ पुस्तकात भेटते. धरणाने या प्रदेशाला पाणी, वीज आणि पुरावर पुष्कळसा ताबा दिला, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु धरणाखालच्या वाळूचा अर्थ त्याने बदलला. आता खालच्या घाटावर पाणी किती असावे हे जबलपूरच्या आकाशावरून ठरत नाही. मंडला-डिंडोरीकडे पाऊस कोसळत असतो, जलाशय भरत येतो, दरवाजे उघडतात, आणि शहरात मात्र लख्ख ऊन असते. वीजघरातून सुटणारे पाणीही विजेच्या गरजेप्रमाणे कमी-अधिक होते. सकाळी गुडघाभर असलेला उतार संध्याकाळी कमरेएवढा होण्यास ढगाचा एक तुकडाही लागत नाही.

याचे काय होऊ शकते ते याच नर्मदेने, याच प्रांतात दाखविले आहे. ७ एप्रिल २००५. देवास जिल्ह्यातील धाराजी येथे भूतडी अमावास्येची यात्रा होती; हजारो लोक नदीकाठी आणि पात्रात उतरले होते. रात्री वरच्या बाजूच्या इंदिरा सागर धरणातून सोडलेले पाणी येऊन पोहोचले. साठाहून अधिक माणसे गेली. एप्रिल महिना, निरभ्र आकाश, वाहते पण शांत पाणी: जुन्या अनुभवाप्रमाणे त्या यात्रेकरूंचे काहीही चुकले नव्हते. शेकडो वर्षे खरे असलेले ज्ञान त्या रात्री खरे राहिले नव्हते, आणि हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. ८ जून २०१४ रोजी हिमाचलातील बियास नदीच्या खडकांवर छायाचित्रे काढणारे हैदराबादचे २४ विद्यार्थी असेच धरणाच्या पाण्यात वाहून गेले. तेही सहलीलाच आले होते.

अशा बातम्यांनंतर शाळांची प्रतिक्रिया ठरलेली असते: सहली बंद, शिबिरे बंद. ही प्रतिक्रिया समजण्यासारखी असली तरी योग्य नाही. स्काऊट चळवळीचा पहिला प्रायोगिक तळ १९०७ साली बेडन-पॉवेल यांनी ब्राउनसी नावाच्या बेटावरच टाकला होता, आणि आज पचमढीला भारत स्काऊट्स आणि गाइड्सचे राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र आहे ते मुलांनी घरात बसावे म्हणून नव्हे. ज्या मुलाला गुरुजींसोबत नदी पाहू दिली नाही, तो दोन वर्षांनी मित्रांसोबत, कोणालाही न सांगता, तीच नदी पाहावयास जातो. शिबिर व्हावे. दिवसा बेटावर जावे, वाळूत खेळावे, पक्षी पाहावेत. झोपावे मात्र काठावर, पुराच्या खुणेच्या वर. ही खूण नर्मदेकाठी शोधण्यास कष्ट पडत नाहीत: झुडपांच्या फांद्यांत अडकलेले वाळके गवत आणि चिंध्या कोठवर आहेत ते पाहावे. कधी कधी ती माणसाच्या डोक्याच्या वर असते, आणि मुलांना उभे करून ती दाखविणे हा कोणत्याही सूचनाफलकाहून प्रभावी पाठ आहे.

तरीही एखाद्या प्रसंगी बेटावरच रात्र काढणे आले, समुद्रात वा नदीत, तर काही गोष्टींना पर्याय नाही. होडी सोडून गेली आणि सकाळी येणार, असा व्यवहार करू नये. होडी आणि नावाडी रात्रभर बेटावरच हवेत. धरणाखाली मुक्काम असेल तर निघण्यापूर्वी धरणाच्या नियंत्रण कक्षाकडे आणि प्रशासनाकडे पाणी सोडण्याविषयी चौकशी करावी. काठावरच्या गावात एका जबाबदार माणसाला मंडळींची संख्या सांगून ठेवावी. सायंकाळी उताराच्या सर्वांत खोल जागी नव्हे, कडेला, एक काठी रोवावी आणि पाण्याच्या रेषेवर दोरा बांधावा. पहारा तंबूपाशी न ठेवता त्या काठीपाशी ठेवावा, दोघादोघांच्या पाळीने. दोरा चार बोटे बुडाला की सर्वांना उठवून, सामान जागीच सोडून, काठ गाठावा. पाणी एकाएकी गढूळ झाले, त्यात पालापाचोळा वाहू लागला, किंवा प्रवाहाचा आवाज बदलला, तर काठीकडे पाहण्यातही वेळ घालवू नये. निघेपर्यंत उतार गुडघ्याच्या वर जोरात वाहू लागला असेल, तर त्यात उतरण्याचे साहस न करता होडी वापरावी.

तंबूच्या साध्या खुंट्या वाळूत धरत नाहीत. वाळूने भरलेली पोती हातभर पुरून त्यांना तणावे बांधावेत. वाळूत खोल खड्डे व भुयारे खणण्याचा मुलांचा आवडता खेळ कंबरेच्या खाली थांबवावा. कोसळलेली वाळू दबलेल्याला श्वास घेऊ देत नाही. उघड्या बेटावर मनुष्य आणि तंबूचा खांब हेच सर्वांत उंच असतात. वीज पडून मृत्यू पावणाऱ्यांच्या संख्येत मध्य प्रदेश देशात वरच्या क्रमांकांत असतो. तेव्हा मेघगर्जना ऐकू आली की बेट सोडावे. राहिली मगर. नर्मदामातेचे वाहनच ते. शहराशेजारची परियट नदी तिच्या वस्तीसाठी प्रसिद्ध आहे, आणि अंधारात पाण्याच्या कडेला भांडी घासत बसणे तिला निमंत्रण दिल्यासारखे होईल.

या सर्वांत अवघड काम काठी रोवण्याचे नाही. रात्री दोन वाजता, गाढ झोपलेल्या चाळीस मुलांना उठविण्याचे आहे. ज्या मुलाची पाळी असते त्याला दोरा बुडालेला दिसतो. पण तो खरेच बुडाला की लाटेने भिजला, याची त्याला खात्री नसते. उठविले आणि पाणी पुढे चढले नाही, तर सकाळी हसे होईल, हे त्याला ठाऊक असते. म्हणून तो आणखी थोडा वेळ पाहतो. नदीच्या दृष्टीने तो थोडा वेळच सारे काही असतो. शिबिरप्रमुखाने पहिल्याच सायंकाळी सर्वांसमक्ष सांगून ठेवावे की विनाकारण उठविल्याबद्दल कोणासही बोल लावला जाणार नाही; आणि तसा प्रसंग आलाच, तर काठावर पोहोचल्यावर त्या पहारेकऱ्याच्या हाती चहाचा पहिला पेला द्यावा. एकदा तरी मुद्दाम, पाणी चढलेले नसताना, मध्यरात्री शिट्टी वाजवून सर्वांना काठावर नेण्याचा सराव करावा. पहिल्या खेपेस किती वेळ लागतो हे घड्याळात पाहिल्यावर बरेचसे शिक्षक बेटावरील मुक्कामाचा विचार स्वतःच सोडून देतात.

कार्तिक आला की नर्मदेची वाळू पुन्हा उघडी पडेल. मात्र ती गेल्या वर्षीची असणार नाही. पुराने काही बेटे पुसलेली असतात, काही नवी घातलेली असतात, उतार एका ठिकाणाहून दुसरीकडे सरकलेला असतो, आणि मागच्या शिबिराच्या वहीत काढलेला नकाशा निकामी झालेला असतो. मुलांना नेण्याच्या आदल्या दिवशी शिक्षकाने त्या गावच्या नावाड्याला सोबत घेऊन, हातात काठी धरून, तो उतार स्वतः एकदा चालून पाहावा.